मोलफ्रीडने खोडलेली सही

तिसरं फाटक लावून घेताना मोलफ्रीडच्या हातून कडी दोनदा निसटली. मागून येणारी यार्त्रुद गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभी होती, म्हणून तिला ते दिसलं नाही. दोघींना निघून दीड तास झाला होता. खाली होल्विकचं चर्च काडेपेटीएवढं दिसत होतं आणि फिओर्डच्या पाण्यावरून दुपारची फेरीबोट पलीकडच्या काठाकडे निघाली होती.

"मुलाखत स्वयंपाकघरात कॉफी पीत घ्यायची असते गं," यार्त्रुद धापा टाकत म्हणाली. "मला मारायला वर आणलंस का? पुढच्या अंकात माझाच मृत्युलेख छापावा लागेल."

"तो मी लिहीन. दोन ओळींत आटपेल. बाई फार बोलायची, चढावर गप्प झाली."

"दुष्ट आहेस."

"मग? गावाला विचार."

यार्त्रुद चर्चची पत्रिका चालवायची. वर्षाला चार अंक, फिओर्डच्या दोन्ही काठांवरच्या घराघरांत फुकट पडणारे. त्यात बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू, आणि मधल्या पानांवर गावातल्या एखाद्या साध्या माणसाचं आयुष्य. उन्हाळी अंकासाठी तिने मोलफ्रीड निवडली होती. वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यात तिने आयुष्य काढलेलं, आणि गावाच्या चालण्याच्या मंडळाची ती तीस वर्षं चिटणीस. मोलफ्रीड लगेच हो म्हणाली होती. अट एकच घातली, बोलायचं ते क्वितेन डोंगराच्या वाटेवर, चालता चालता.

तिला बोलायचं होतं ते मंडळाबद्दल नव्हतंच. पलीकडच्या धक्क्यापासून दहा मिनिटांवर तिची थोरली मुलगी तोरुन राहत होती. एकतीस वर्षांची. गेल्या इस्टरला तिने एंद्रेशी लग्न केलं होतं आणि दोघांना मूल हवं होतं. तोरुनच्या शरीरात काय असू शकतं आणि तिच्या पोटच्या मुलाला ते कसं जाऊ शकतं, हे तोरुनला ठाऊक नव्हतं. ते सांगायचं होतं आईने. आणि आईशी तोरुन आठ वर्षं एक शब्द बोलली नव्हती.

"चल," मोलफ्रीड म्हणाली. "बसलं की पाय जड होतात."

बर्च झाडं संपून खुरटी झुडपं लागली. सावलीत अजून बर्फाचे मळके तुकडे होते. मोलफ्रीडच्या कानातलं यंत्र वाऱ्याने घुं घुं करत होतं. ती पंचेचाळिसाव्या वर्षापासून यंत्र लावत होती. पन्नाशीला साखरेचा आजार लागला. तिची आई चाळिशीतच ठार बहिरी झाली होती, मावशीही, आणि आईची आई हृदय सुजून गेली. नेस्सेट हे त्यांच्या शेताचं नाव, आणि गावात म्हण पडली होती की नेस्सेटच्या बायकांना गुपित सांगायचं तर ओरडून सांगावं लागतं, म्हणून त्यांना कुणी गुपित सांगत नाही. सगळे हसायचे. नेस्सेटच्या बायकाही हसायच्या, अर्धं ऐकू न आल्यामुळे जरा उशिराने. समुद्राचा वारा कानात भरतो, असं म्हणून विषय संपायचा. त्या बायकांच्या भावांना मुलं झाली ती ठणठणीत निघाली, हे कुणी जुळवून पाहिलं नाही. कुणाला सुचणार?

"लिहायला घेते हं," यार्त्रुद म्हणाली आणि चालता चालता वही काढली. "मंडळाचं सांग. पहिल्यापासून."

मोलफ्रीडने सांगायला सुरुवात केली. क्वितेनच्या माथ्यावर लोखंडी पेटी आहे, पेटीत वही. जो चढेल त्याने नाव आणि तारीख लिहायची. नोव्हेंबरात चिटणिसाने वही खाली आणायची, नावं मोजायची. वर्षात वीस वेळा चढला त्याला मंडळाचा कॉफीचा मग. पोरांना बारा वेळा पुरे. होल्विकच्या घराघरांत स्वयंपाकघराच्या फळीवर मगांची रांग असते, आणि पाहुणा आला की आधी रांग बघतो, मग माणसं.

"माझ्या घरी दोन आहेत," यार्त्रुद म्हणाली. "एक विकत आणलाय असं वाटतं लोकांना."

"मला ठाऊक आहे. एकोणिसाव्या वेळी तू तिसऱ्या फाटकावरून परत फिरलीस आणि मी दयेने दिला."

"दया? तू?" यार्त्रुद हसली. "अगं, माझ्या नवऱ्याची सही पेनचा रंग वेगळा दिसला म्हणून खोडलीस तू."

मोलफ्रीड हसली नाही. चालता चालताच म्हणाली, "सही खोडण्याचंच सांगायचंय. हे लिहून घे."

सिन्ने तिची धाकटी. जन्मली तेव्हा वजनाने चांगली होती, पण वाढ मागे पडली. पाचवीतली पोर तिसरीतली वाटायची. शाळेतून आली की सरळ सोफ्यावर. खेळाच्या तासाला ओकायची. डोकं दुखतं म्हणायची. गावच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, लोह जरा कमी निघालं. मोलफ्रीडने रोज सकाळी कॉड माशाच्या तेलाचा चमचा पाजला आणि दर रविवारी तिला क्वितेनवर काढलं. यात वाईट काय होतं? थकलेल्या माणसाला डोंगर लागतो, हे तिला आईने शिकवलं होतं, आईला तिच्या आईने. हवा वाईट नसते, कपडे वाईट असतात. पोर रडली तर रडत चढू दे, वर जाऊन संत्रं खाल्लं की हसते. गावातली पोरं पिढ्यान् पिढ्या अशीच वाढली होती. चिटणिसाची पोर आणि तिला मग नाही, हे तर लोकांनी रांगेकडे बघून विचारलंच असतं.

"'आई, माझे पाय माझे नाहीत,' असं म्हणायची," मोलफ्रीड म्हणाली. "मी म्हणायचे, कुणाचे आहेत मग? शेजारणीचे? चल. सगळे हसायचे. तीही हसायची गं."

सिन्ने बारा वर्षांची असताना नोव्हेंबरात वही खाली आली. मोलफ्रीड स्वयंपाकघरात बसून नावं मोजत होती. सप्टेंबरच्या तीन रविवारी सिन्नेचं नाव होतं, पण अक्षर सिन्नेचं नव्हतं. 'न' ची मागे वळलेली शेपटी तोरुनची. तोरुन तेव्हा सोळा वर्षांची, बाहेरगावी खोली घेऊन शिकायला गेलेली, शनिवार-रविवार घरी यायची. त्या तीन रविवारी मोलफ्रीडला कामाची पाळी होती म्हणून तिने बहिणींना दोघींनाच पाठवलं होतं. तोरुनने धाकटीला तिसऱ्या फाटकापाशी जॅकेट पांघरून बसवलं, एकटी वर गेली आणि दोघींची नावं लिहून आली.

"मी काय केलं ठाऊक आहे?" मोलफ्रीड म्हणाली. "मी पट्टी घेतली. पट्टी धरून तिन्ही सह्या खोडल्या. लाल पेनाने. दोघी समोर उभ्या. तोरुन म्हणाली, 'आई, तिला होत नाही. तू बघत का नाहीस?' मी म्हटलं, 'खोटेपणा मी बघते. होत नाही म्हणजे काय? पायांना सवय नाही.' वहीचा हिशेब पुढच्या सोमवारी द्यायचा होता. मधला एक रविवार होता. त्या रविवारी मी सिन्नेला वर नेलं. सकाळी ती जेवायला तयार नव्हती. तशीच नेली, उपाशी. तिने स्वतःच्या हाताने सही केली. ती सही मी खोडली नाही."

यार्त्रुदने वहीत 'उपाशी' असं लिहिलं.

मंगळवारी सकाळी न्याहारीच्या टेबलावर सिन्नेने पावाचा तुकडा हातात घेतला आणि म्हणाली, आई, टेबल अर्धंच दिसतंय. मग तिचा हात झटके देऊ लागला. हेलिकॉप्टरने बर्गनच्या मोठ्या रुग्णालयात नेलं. लकवा मारल्यासारखं होतं, पण लकवा नव्हता. रक्तात आंबूस आम्ल साठलं होतं, धावून धावून दमलेल्या माणसाच्या रक्तात साठतं तसं, पण पोर तर सोमवारभर पलंगावर होती.

दोन महिन्यांनी तपासण्या आल्या. बर्गनची डॉक्टरीण शांत बाई होती. तिने मोलफ्रीड आणि तिचा नवरा ऑडवार यांना समोर बसवून कागदावर एक गोल काढला. म्हणाली, ही पेशी. आत शेकडो बारीक शेगड्या आहेत, त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. आपण खातो ते लाकूड, श्वास घेतो ती हवा, आणि या शेगड्यांत ते जळून शरीराला ऊब आणि ताकद मिळते. सिन्नेच्या पुष्कळ शेगड्या जन्मापासून बिघडलेल्या आहेत. लाकूड आहे, हवा आहे, पण जळत नाही, नुसता धूर साठतो. ज्या अवयवांना फार ऊब लागते, मेंदू, डोळे, कान, हृदय, स्नायू, ते आधी गारठतात. शंभरातल्या तीस शेगड्या बिघडल्या तर माणसाला पत्ता लागत नाही. ऐंशी बिघडल्या की घर राहत नाही.

ऑडवारने विचारलं, डोंगर चढवल्यामुळे झालं का?

"नाही," डॉक्टरीण म्हणाली. "उपाशी राहणं आणि दमणं अशा शरीराला बाधतं, ते पुढे सांभाळा. पण हा आजार चढण्याने झालेला नाही. चढली नसती तरी आज ना उद्या हे झालंच असतं." मग ती मोलफ्रीडकडे वळली. "या शेगड्या मुलाला बापाकडून मिळत नाहीत. फक्त आईकडून. मोलफ्रीड, तुझे कान, तुझ्या आईचे कान, हे सगळं तेच असावं असं मला वाटतं."

ती दोषाचं बोलत नव्हती. तिने बटाट्यांचं पोतं सांगितलं. पोत्यात चांगले बटाटे आहेत, आतून काळे पडलेलेही आहेत, वरून ओळखू येत नाहीत. आई प्रत्येक मुलाला त्यातली एक मूठ देते. न बघता. एकाच्या मुठीत चार काळे जातात, दुसऱ्याच्या मुठीत जवळजवळ सगळेच. "तुझ्या मुठीवर तुझा ताबा नव्हता," ती म्हणाली. आणि मग म्हणाली, "थोरल्या मुलीच्या मुठीत काय गेलं ते आपल्याला ठाऊक नाही. अठरा झाल्यावर तिला सांगावं लागेल. हे पत्र मी तिच्यासाठी लिहून देते. सांगायचं तुम्ही."

माथ्याखालचा शेवटचा उभा चढ समोर आला तेव्हा मोलफ्रीड एका खडकाला टेकली. तिचे ओठ निळसर झाले होते.

"पुरे झालं," यार्त्रुद म्हणाली. "तुझं हृदय सुजलंय असं मला नर्सने सांगितलंय. होय, सांगितलं, गावात काही लपत नाही."

"लपतं," मोलफ्रीड म्हणाली. "मी लपवलंय. त्याचसाठी तुला इथे आणलंय. खाली माझी जीभ उचलली गेली नसती."

तिने लपवलं ते असं. मोलफ्रीड बर्गनहून घरी आली तेव्हा तोरुनने दारातच विचारलं, काय झालंय तिला? मोलफ्रीडच्या तोंडून निघालं, मेंदूला सूज आली. आणि तोरुन म्हणाली, "तू चढवलंस म्हणून." मोलफ्रीडने उत्तर दिलं नाही. त्या क्षणी तिला वाटलं, हा आळ घेतलेला बरा. डोंगराचा आळ आईच्या अंगावर राहतो. खरं सांगितलं तर ते पोरीच्या अंगात शिरेल. सोळा वर्षांच्या मुलीला कसं सांगायचं की जे बहिणीला आतून विझवतंय ते तुझ्यातही असेल, आणि मीच दिलंय? अठरा झाल्यावर सांगू. अठरा झाली तेव्हा सिन्नेला तिसरा झटका येऊन डावी बाजू गेली होती, घरात सांगण्यासारखं वातावरण नव्हतं. पत्र टेबलक्लॉथच्या खणात खाली गेलं. ऑडवार चिडायचा. तो स्वतः कर्करोगाने आडवा झाला तेव्हा शेवटी दुसरं काही बोललाच नाही. "मोलफ्रीड, तोरुनला सांग." तिने मान डोलावली. तो त्या मान डोलावण्यावर विसंबून गेला.

सिन्ने एकोणिसाव्या वर्षी गेली. शेवटचे आठ महिने तिला दिसत नव्हतं. चर्चमधून माती द्यायला निघताना तोरुन आईसमोर उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "त्या तीन रविवारी तिची सुटका झाली होती. तू ती खोडलीस आणि तिला परत चढवलंस." मग ती फेरीबोटीने पलीकडे गेली.

"तेव्हा का नाही बोललीस?" यार्त्रुद म्हणाली. "तिथेच का नाही ओरडून सांगितलंस?"

"कारण ती म्हणाली त्यातलं अर्धं खरं होतं. मी खोडलंच होतं. आजाराने नाही केलेलं ते. ते मी केलं." मोलफ्रीडने डोळे पुसले नाहीत, वाऱ्याने ते तसेच सुकू दिले. "रोज प्रार्थनेत क्षमेची ओळ येते ना, तिथे मी गप्प होते. बाकीची म्हणते. देवाला वाटत असेल, ही बाई मधेच कुठे जाते."

त्यानंतर तिने तोरुनला अकरा पत्रं पाठवली. अकराही परत आली. फोन लागत नव्हता. मागच्या शरदात पाद्री तिच्या घरी जाऊन आले, काय सांगायचंय ते मोलफ्रीडने त्यांनाही धड सांगितलं नव्हतं. तोरुनने दार उघडून विचारलं, आईचा निरोप आहे का? असेल तर कॉफी विचारत नाही. शेवटी मोलफ्रीडने बर्गनला फोन केला, आता तुम्ही कळवा. रुग्णालयाने कळवलं, पण बेताबेतानेच. तुमच्या कुटुंबात एक आजार आहे, हवं असल्यास बोलायला या, एवढंच. जो जाणून घ्यायचं नाही म्हणतो त्याच्या गळी उतरवता येत नाही. तोरुनचं उत्तर तीन ओळींचं. माझ्या बहिणीचा आजार मला ठाऊक आहे. ती कशाने गेली तेही ठाऊक आहे. कृपा करून परत लिहू नये.

"माझ्याच थापेने दाराला कुलूप घातलंय," मोलफ्रीड म्हणाली. "आणि किल्ली माझ्याकडे आहे म्हणूनच ती दाराजवळ येत नाही."

"कदाचित तिला काहीच नसेल. तूच म्हणालीस ना, मुठीमुठीत फरक."

"फेरीबोटीवरच्या तिकीटवाल्याला मी दर आठवड्याला विचारते. निर्लज्जासारखी. परवा म्हणाला, चांगली आहे तुझी पोर, पण हल्ली दोनदा 'काय?' म्हणते. आणि पाण्याची बाटली सतत तोंडाला. एकतीस वर्षांची आहे, यार्त्रुद. मला कानाचं यंत्र पंचेचाळिसाव्या वर्षी लागलं. आणि ती मूल मागतेय. तिला कळलं तर बर्गनला जाईल, लघवी तपासतील, हृदय बघतील, साखरेची कुठली गोळी चालत नाही ते सांगतील. मुलासाठीही वाट आहे म्हणतात, दुसऱ्या बाईचं बीज घेता येतं. काय करायचं ते तिचं ती ठरवेल, मी बोलणार नाही. पण ठरवायला तिला कळायला हवं ना? नाहीतर तीही न बघता मूठ भरेल. माझ्यासारखी. आणि एखाद्या रविवारी तिची पोर म्हणेल, माझे पाय माझे नाहीत."

यार्त्रुद तिच्याशेजारी खडकावर बसली. तिने थर्मास उघडला, कॉफी ओतली, आणि बटरपेपरातला तपकिरी चीज लावलेला पाव तिच्या हातात ठेवला. "आधी खा. साखर उतरेल." मग म्हणाली, "मी जाते उद्या. मी सांगते तिला."

"तू माझी मैत्रीण. दार तिथेच लागेल. तुला तीस सेकंद मिळतील, त्यात पेशी आणि शेगड्या सांगशील?"

"मग काय करायचं?"

मोलफ्रीडने पाव खाल्ला नाही. तो तिने हातात धरून ठेवला. खाली धक्क्यावर रिकामी झालेली फेरीबोट परत फिरत होती.

"एंद्रेच्या आईच्या घरी रविवारी सगळे जेवायला जमतात. ती बाई तुझी पत्रिका जेवणानंतर मोठ्याने वाचते, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. गावात हसतात तिला. तोरुनला लहानपणापासून मधलं पान आवडतं, मृत्यूंच्या आधी ती तेच उघडते. माझं नाव बघून तिने पान उलटलं तरी सासू थांबायची नाही. ऐकू कमी येत असेल तर आणखी मोठ्याने वाचेल."

"मोलफ्रीड, ही पत्रिका आहे. अख्खा परगणा वाचतो. तू खोटं बोललीस हे..."

"वाचू दे. आठ वर्षं लोक मला बिचारी म्हणतात आणि वाटीतून खीर आणून देतात. एकदा खरं ऐकू दे त्यांना. छापखान्यात कधी द्यायचं आहे?"

"गुरुवारी."

"मग आज लिही. मगांचं लिहू नकोस, तीस वर्षांच्या सेवेचं तर मुळीच नको. तोरुनचं नाव लिहू नकोस, तिच्या अंगातलं काय ते तिचं आहे, फक्त थोरली मुलगी एवढंच म्हण. पहिल्याच ओळीत लिही की सिन्ने डोंगराने गेली नाही. मग शेगड्यांचं लिही, डॉक्टरणीने सांगितलं तस्सं, सातवीतल्या पोराला कळेल असं. आईचे कान, मावशीचे कान, माझी साखर, आजीचं हृदय, सगळं नावानिशी लिही. आईकडून मुलीला, मुलीकडून तिच्या मुलांना, हे दोनदा लिही, एकदा वाचून सुटेल. मग मी पट्टी धरून काय खोडलं ते लिही, आणि काय लपवलं ते लिही. मला चांगली म्हणून रंगवू नकोस गं. चांगली रंगवलीस तर ती उठून जाईल. ती टेबलावरून उठणार नाही असं लिही. एवढं माझ्यासाठी कर."